शनिवारची वही

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





हीरक महोत्सव समितीने ‘कृतज्ञता’ या विषयावर बोलण्याची आज्ञा मला केली, तेव्हा मी प्रथम नकार कळवला होता. कृतज्ञता हा विषय बोलण्यास सोपा आणि आचरण्यास अवघड. शिवाय ज्या वयात ती अंगी बाणावी, त्या वयात मी स्वतः चांगलीच कृतघ्न होते. हे मी पत्रात स्पष्ट लिहिले. त्यावर समितीच्या बाईंचे उत्तर आले, “मग तेच येऊन सांगा.” म्हणून आज तेच सांगण्यासाठी आपल्यापुढे उभी आहे.

माझा जन्म बेने इस्रायल कुटुंबातला. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले, मराठी हीच मातृभाषा असलेले यहुदी. या जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांना हे सांगण्याची गरज नाही. पण समोर बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी आमच्यापैकी कोणाला पाहिले नसेल, म्हणून सांगते. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांची बदली चंडीगडला झाली आणि माझे वयाच्या बाराव्या वर्षापर्यंतचे सारे बालपण त्या शहरात गेले.

चंडीगड हे विलक्षण शहर आहे. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून शिवालिकच्या पायथ्याशी ते नव्याने वसवण्यात आले. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने त्याची आखणी केली आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तिथे गल्ल्या नाहीत, आळ्या नाहीत, पेठा नाहीत. आहेत ते क्रमांक घातलेले सेक्टर. माझ्या लहानपणी त्या शहरात कोणाचेही आजोळ नव्हते. प्रत्येक जण कुठून तरी आलेला होता, आणि आमच्या शेजारातील निम्मी घरे रावी नदीच्या पलीकडून सर्वस्व टाकून आलेली होती.

अशा शहरात आपण वेगळे आहोत याची लाज वाटण्याचे काही कारण नव्हते. तरी मला ती वाटत असे. आमच्या दाराच्या चौकटीवर मेजुजा, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेली छोटी डबी, तिरपी बसवलेली होती. मैत्रिणींनी विचारले, तर मी सांगत असे की विजेच्या तारेचे काहीतरी आहे. कोणी आम्हाला पारशी समजे, कोणी ख्रिस्ती. मी कोणाचीच चूक दुरुस्त करीत नसे. ‘हम बंबई के हैं’ एवढे उत्तर मला पुरेसे वाटे. शहरात सिनेगॉग नव्हते, आमच्या ओळखीत दुसरे यहुदी घर नव्हते. सण आले की घरातली चार माणसे दार लावून बसत आणि दाराबाहेरचे सारे जग मजेत आहे, असे मला वाटत राही.

१९७१ साली पेसाह आणि वैशाखी एकाच आठवड्यात आले. पेसाह हा आमचा मिसर देशातील गुलामगिरीतून सुटकेचा सण. निघण्याची इतकी घाई होती की पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, या आठवणीसाठी त्या आठ दिवसांत खमिराचा पदार्थ घरात ठेवायचा नाही, तोंडात घालायचा नाही. आई घरी बिनखमिराच्या कोरड्या पोळ्या भाजी. आणि शेजारी ऐन वैशाखीच्या दिवशी भटुरे तळले जात होते! शेजारच्या आजींना आम्ही सारे बीजी म्हणत असू. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तीन भटुरे खाल्ले आणि घरी आले. आईला वासावरून कळले. ती काही बोलली नाही. मीच बोलले. म्हणाले, “हजारो वर्षांपूर्वी कोणी मिसरातून पळाले, त्याचे मला काय? मी कुठे होते तिथे?”

वडील जेवता जेवता थांबले. ते रागावले असते तर मी विसरून गेले असते. ते एवढेच म्हणाले, “मीही नव्हतो.” आणि पुढचा घास घेतला.

संध्याकाळी बीजींना हे कळले. त्या आमच्याकडे आल्या आणि आईची क्षमा मागू लागल्या. मुलीचा उपवास मोडला, असा त्यांचा समज झाला होता. आईने त्यांची समजूत घातली. मग त्यांनी माझ्याकडे पाहून जे सांगितले, त्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी लागला. १९४७ साली त्या लायलपूरहून काफिल्यात चालत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “माझ्या नातवंडांनाही ती गोष्ट ऐकायचा कंटाळा येतो. पण तुमच्याकडे एक बरे आहे. तुम्ही गोष्ट ताटात वाढता.”

त्याच वर्षी डिसेंबरात युद्ध झाले. खिडक्यांना काळे कागद लावून आम्ही रात्री काढल्या. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. शरणागतीचा मसुदा घेऊन ढाक्याला गेलेले पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ मेजर जनरल जेकब हे कलकत्त्याच्या बगदादी यहुदी घराण्यातले आहेत, हे वडिलांनी मला मुद्दाम सांगितले. माझी छाती थोडी फुगली. पण खरे सांगायचे तर ती कृतज्ञता नव्हे, केवळ ऐट होती. दोन्हींतला फरक मला या शाळेत कळला.

१९७२ च्या जून महिन्यात वडिलांनी मला या गावी आजीकडे पाठवले. आपली भाषा आणि आपली माणसे मुलीला कळावीत, हा त्यांचा हेतू. मला ती शिक्षा वाटली. बोलीपुरती मराठी येत होती. पण लिहिताना मी हिंदीचे हात-पाय मराठीला जोडत असे. पहिल्याच निबंधात मी ‘मी बाजारात गेली’ असे लिहिले होते आणि वर्ग हसला होता. आमच्या बाईंनी हसणाऱ्यांना शिक्षा केली नाही. त्यांनी मला शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास थांबवून घेतले. ते पुढे दिवाळीपर्यंत चालले. त्या अर्ध्या तासाचे कोणी त्यांना काही दिले नाही. मीही दिले नाही. मी तर घड्याळाकडे पाहत बसे.

खरी अडचण आली ती शनिवारची. शनिवारी सकाळची शाळा. आमच्यात शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ. त्या काळात काम नाही, चूल नाही, लेखन नाही. चंडीगडला वडील त्याबाबत सैल होते, आजी नव्हती. ती मला घेऊन मुख्याध्यापकांकडे आली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मुख्याध्यापकांनी तिचे बोलणे ऐकून घेतले आणि विचारले, “वर्गात बसून ऐकले तर चालेल का?” आजी म्हणाली, “ऐकायला देवाची ना नाही.” “मग तिने यावे, बसावे, ऐकावे. लिहू नये.” एवढ्यात प्रश्न मिटला. कोणताही ठराव झाला नाही, कोणाची परवानगी मागवली गेली नाही.

पण न लिहिलेला धडा वहीत येणार कसा? माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीने विचारलेसुद्धा नाही. तिने माझी एक कोरी वही नेली आणि सोमवारी आणून दिली. शनिवारी फळ्यावर जे जे लिहिले गेले, ते सारे तिच्या गोल अक्षरांत माझ्या वहीत उतरले होते. पुढच्या सोमवारी पुन्हा. शाळेची ती चार वर्षे, प्रत्येक शनिवारी दुपारी, इतर मुली सागरगोटे खेळत असताना ती एकच धडा दुसऱ्यांदा लिहीत होती. आणि मी काय केले? पहिल्या वर्षभरात मी तिला एकदाही ‘बरे झाले’ म्हटले नाही. उलट एकदा आकृती नीट काढली नाही म्हणून फुरंगटून बसले. जे रोज मिळते ते आपल्याला मिळायचेच असते, अशी माझी समजूत होती.

आता आजीविषयी. आजीचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण आमच्या समाजाचा इतिहास तिला मुखोद्गत होता. एका सुटीच्या दिवशी ती मला अलिबागजवळ नवगावला घेऊन गेली. परंपरा अशी की आमच्या पूर्वजांचे गलबत तिथल्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना किनाऱ्यालगत पुरले. ती दफनभूमी आजही तिथे आहे. आजीने मला वाळूत अनवाणी उभे केले आणि म्हणाली, “डोळे मीट. पुस्तके समुद्रात गेली. कपडे ओले आहेत. इथली भाषा येत नाही. आता पुढे जा आणि त्या घरातल्या बाईकडे पाणी माग.”

मी खरोखरच गेले. समोरच्या झोपडीतील बाईने मला तांब्याभर पाणी दिले. कशासाठी हे तिने विचारले नाही. परत आल्यावर आजी म्हणाली, “झाले. एवढाच आपला इतिहास. बाकी सारा तपशील.”

तो तपशीलही तिने मला हळूहळू सांगितला. वाचलेल्यांनी तेल गाळण्याचा धंदा पत्करला. ग्रंथ बुडाले होते. हिब्रू पुढे विसरली गेली. उरले ते थोडे: शेमा ही प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, सण आणि शनिवारची सुटी. सणांची मूळ नावेही गेली, तेव्हा आमच्या बायकांनी त्यांना मराठी नावे दिली. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. खीर करायची तो ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशी घराची दारे बंद करून बसायचे, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’. आणि पेसाह म्हणजे ‘अनाशी ढाकाचा सण’, आंबट पदार्थाचे मडके झाकून ठेवण्याचा. हिब्रूतला एक शब्दही न येता त्यांनी सण शतकानुशतके सांभाळले होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हणत. ज्या गावी स्थायिक झालो, त्या गावाचे नाव घेऊन आडनावे आली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर.

‘शनिवार तेली’ हे नाव ऐकून मी नाक मुरडले. आजीच्या ते लक्षात आले. तिने विचारले, “हे नाव कोणी दिले?” मी म्हणाले, “लोकांनी.” “कोणत्या लोकांनी?” “गावातल्या.” तेव्हा ती जे म्हणाली ते मी आयुष्यभर जपले आहे. ती म्हणाली, “घाणा आपण बंद ठेवला, हे खरे. पण शनिवारी तेल संपले तर गावातली बाई दुसऱ्या तेल्याकडे कायमची गेली असती, तर आपला शनिवार टिकला असता का? ती रविवारपर्यंत थांबली. आपण विसरू नये म्हणून तिने आपल्याला नावच शनिवारचे दिले. आपला शब्बाथ आपण पाळला. पण राखला तो शेजारणींनी.”

मी तोवर समजत होते की आमचे धर्मपालन ही आमची मिळकत. त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा असेल, हे मनातही आले नव्हते. आजीने हे सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे शेजारणी आल्या नाहीत. आली ती माझ्या दप्तरातली ती वही.

मुलांनो, आजी गोड बोलून इतिहास झाकणारी नव्हती. आमच्यातही ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असा भेद होता. एकमेकांत लग्ने होत नसत. हे तिने मला लपवले नाही. म्हणाली, “ज्यांना परक्यांनी पाणी दिले, त्यांनी घरातल्यांना वेगळे बसवले. हेही लक्षात ठेव.” कृतज्ञ माणसाला आपल्या चुकांचा हिशेबही ठेवावा लागतो, तो असा.

पुढच्या एप्रिलात, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, पेसाह आला. चार दिवस आधी आजीने मला जात्यावर बसवले. गिरणी कोपऱ्यावरच होती, तरी गहू मीच दळायचे असे तिचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी तळहातावर फोड आले. मग पीठ भिजवायचे ते झटपट, लाटायचे झटपट, भाजायचे झटपट. मध्ये श्वास घ्यायलाही थांबायचे नाही. “पाठीशी फारोचे सैन्य आहे,” असे आजी हसत म्हणे आणि मला पळवी.

सणाच्या रात्री ‘हग्गादा’ वाचली जाते. सुटकेची ती कहाणी आणि तिचा विधी. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादात हिब्रूसोबत मराठी भाषांतर आहे. त्यातील चित्रांत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडच्या बायकांसारख्या जमिनीवर बसून काम करताना दिसतात. त्या विधीची दोन वैशिष्ट्ये शिक्षकांनी ध्यानात घ्यावीत अशी आहेत. पहिले, तो घरातील सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नांनी सुरू होतो. मूल विचारते, ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का, आणि वडीलधाऱ्यांना उत्तर द्यावेच लागते. दुसरे, प्रत्येक पिढीने आपण स्वतःच मिसरातून सुटून आलो असे मानावे, अशी त्यात आज्ञा आहे. कडू पाला खायचा, कारण ते कडूपण आपले. कोरडी भाकरी खायची, कारण ती घाई आपली.

आजी वाचत होती. ती ‘ते’ म्हणत नव्हती. ‘आम्ही’सुद्धा म्हणत नव्हती. ‘आपण’ म्हणत होती. आपल्या मराठीत या दोन शब्दांत केवढे अंतर आहे! ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. फोड आलेल्या हातात ती भाकरी धरून मी बसले होते आणि मला चंडीगडचे माझे वाक्य आठवले, ‘मी कुठे होते तिथे?’ त्या रात्री मी तिथे होते.

त्या विधीत एक गीत म्हणतात, ‘दायेनू’. देवाने केलेले एकेक उपकार मोजायचे आणि प्रत्येकापाशी थांबून म्हणायचे की एवढेही पुरेसे होते. ते संपल्यावर आजी मला म्हणाली, “आता तुझे मोज.” मी आई, वडील, आजी अशी नावे घेतली. ती म्हणाली, “रक्ताची सोड. ज्यांच्यावर तुझे ऋण करण्याची सक्ती नव्हती, अशांची सांग.” मी थांबले. मग एकामागून एक नावे आली: बीजी, शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या बाई, ‘बसावे, ऐकावे’ म्हणणारे मुख्याध्यापक, पाणी देणारी ती अनोळखी बाई. आणि वही लिहिणारी मैत्रीण. तिचे नाव घेताना मला रडू आले. आजीने ते पुसले नाही. म्हणाली, “उशिरा आले, पण आले.”

मे महिन्यात निकाल लागला. मी उत्तीर्ण झाले, मराठीतही. आजीने नवस केला होता, तो फेडण्यासाठी तिने मलिदा केला. मलिदा हा आमच्या समाजाचा आभाराचा विधी. भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, सुका मेवा, फळे हे सारे ताटात मांडायचे आणि एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे स्मरण करून वाटायचे. अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर त्याच्या रथाच्या चाकांची खूण आहे, अशी आमची श्रद्धा. शोफार, हिब्रू, ग्रंथ यांतले सारे बाहेरून पुन्हा शिकावे लागले. पण हे पोह्यांचे ताट कोकणातले, अगदी आपले. आजीने ताट माझ्या हाती दिले आणि म्हणाली, “पहिले कोणाला, ते तू ठरव.”

मी ताट घेऊन मैत्रिणीच्या घरी गेले. सारी वाट शब्द जुळवत होते. दारात ती दिसली आणि मला एकही आठवेना. मी म्हणाले, “तू माझे शनिवार लिहिलेस.” ती गोंधळली. मग म्हणाली, “अगं, दोनदा लिहून मला सगळे पाठ होते. इतिहासात पहिली आले ते तुझ्यामुळे.” आणि तिने पोहे खायला सुरुवात केली.

मंडळी, आभार मानायला गेले आणि तिने माझेच आभार मानले. कृतज्ञतेचा हा अनुभव मला त्या वयात आला, हे माझे भाग्य.

मोठी झाल्यावर मला दिसू लागले की आमच्या समाजाची सारी मोठी कामे याच भावनेतून झाली आहेत. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ साली उभे राहिले. कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले आणि सुखरूप सुटले. त्या सुटकेची आठवण म्हणून त्यांनी ते बांधले, अशी परंपरा आहे. हिब्रू विसरलेल्या समाजाला कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी आणि मिशनरी शाळांनी पुन्हा अक्षरओळख करून दिली. ते ऋण ओळखून हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदुरी शाळा झाली. रिबेका रूबेन यांनी १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला. पुढे त्यांनी १९२२ ते १९५० इतका दीर्घ काळ त्या शाळेची धुरा वाहिली. हिंदू कीर्तनकारांचे ऐकून आमच्या लोकांनी १८८० पासून मोशे आणि योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तने केली. आणि जे पुढे इस्रायलला गेले, त्यांनी तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. घेतलेले ज्याचे त्याला परत देता येत नाही. ते पुढच्याला द्यायचे असते.

दहावीनंतर मी चंडीगडला परतले आणि पुढे तिथेच शिक्षिका झाले. जेन योलेन यांची १९८८ साली प्रसिद्ध झालेली एक इंग्रजी कादंबरी तिथे माझ्या वाचनात आली. त्यातील हॅना ही मुलगी अगदी माझ्यासारखी, पेसाहच्या रात्री आजोबांच्या आठवणींना कंटाळलेली. रूढीप्रमाणे ती एलियाहू संदेष्ट्यासाठी दार उघडायला जाते आणि दारापलीकडे असते १९४२ सालचे पोलंड. ती मृत्युछावणीत जाऊन पोहोचते आणि परतते, तेव्हा घरातील म्हाताऱ्या माणसांकडे पाहण्याची तिची दृष्टी पालटलेली असते. ते पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले. हॅनाला भूतकाळाच्या दारापलीकडे जे दिसले, ते कोणाही मुलीला दिसू नये. मला आजीने ते दार उघडून दाखवले, तेव्हा पलीकडे पाण्याचा तांब्या घेतलेली बाई उभी होती. धर्म तोच, प्रार्थना तीच. फरक होता तो शेजारात. म्हणून आपल्या वाट्याला जो शेजार आला, त्याला साधी गोष्ट समजू नये.

१९९९ साली तेच जनरल जेकब पंजाबचे राज्यपाल आणि चंडीगडचे प्रशासक म्हणून आमच्या शहरात आले. २००३ पर्यंत ते तिथे होते. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्यांची ढाक्याची हकीकत सांगत असे. पण त्याआधीची एक आवर्जून सांगे. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून जीव वाचवून आलेल्या एका यहुदी कुटुंबाला त्यांच्या वडिलांनी कलकत्त्याच्या घरी आसरा दिला. त्या पाहुण्यांकडून तरुण जेकबने जे ऐकले, त्याने तो अस्वस्थ झाला आणि वडिलांची इच्छा नसतानाही १९४२ साली सैन्यात दाखल झाला. दुसऱ्याचे दुःख त्याने ‘आपले’ मानले. यहुदी असल्याचा अभिमान बाळगून ते स्वतःला शेवटपर्यंत आधी भारतीय म्हणवत राहिले. २०१६ च्या जानेवारीत ते गेले. चंडीगडच्या सेक्टर ३ मधील बोगनवेलिया उद्यानात युद्धस्मारक आहे. तिथल्या दगडांवर हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत. मी मुलांना तिथे नेई आणि सांगे, एकच नाव निवडा, ते मोठ्याने वाचा आणि ‘हा आपला’ असे म्हणा. पहिल्यांदा मुले हसत. मग हसत नसत.

आता शेवटचे, आणि या मेळाव्यात मागण्याचे.

काल मी शाळेत फिरले. सातवीच्या वर्गात एक मुलगी भेटली. तिचे आईवडील उत्तर प्रदेशातून इथे बांधकामावर आले आहेत. तिने मला सांगितले, “मी काल आली.” मागच्या बाकावरून कोणी तरी हसले. माझ्या काळजात चर्र झाले. पन्नास वर्षांपूर्वीचा तोच वर्ग, तेच हसू. मराठी शाळांचे पट कमी होत आहेत, याची चिंता आज सर्वांनी व्यक्त केली. ती रास्त आहे. पण ही शाळा टिकेल ती केवळ आपल्या नातवंडांवर नव्हे. अशा दारात येऊन उभ्या राहणाऱ्या मुलींवरही टिकेल. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, आपण निधी जरूर द्यावा, पण त्यासोबत आठवड्यातला एक अर्धा तासही द्यावा. शाळा सुटल्यावर थांबून या मुलांना मराठी लिहायला शिकवावे. आमच्या बाईंचे ते ऋण फेडण्याचा मला दुसरा मार्ग दिसत नाही. आणि मुलांनो, तुमच्या शेजारच्या बाकावर शनिवारी लिहू न शकणारे कोणी असेल, तर विचारत बसू नका. वही घेऊन जा.

ही ती वही. चार वर्षांच्या वह्यांपैकी एवढीच उरली आहे, आठवीची. शाई फिकी झाली आहे. अक्षर मात्र अजून गोल आहे. अक्षर जिचे आहे ती आज इथे पहिल्या रांगेत बसली आहे. काल रात्री तिची परवानगी घेतली, तेव्हा ती म्हणाली, “अगं, त्यात शुद्धलेखनाच्या चुका असतील.” असतील. हीरक महोत्सवाच्या प्रदर्शनात शाळेने ही वही त्या चुकांसकट ठेवावी, अशी माझी प्रार्थना आहे. अध्यक्ष महोदयांनी परवानगी दिल्यास ती मी माझ्या हाताने न देता तिच्या हाताने शाळेला देऊ इच्छिते.